एकशे वीसवर पाना

टूलरूमच्या खिडकीच्या फळीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला म्हणून त्याने मान वर केली, तेव्हा साहेबांची फक्त पाठ दिसली. एका हाताने कानाला फोन, दुसरा हात हवेत, 'ठेवला बरं का' एवढंच सांगण्यापुरता. साहेब हँगरच्या मोठ्या दाराकडे निघून गेले आणि फळीवर सात नंबरचा टॉर्क पाना उरला, ठरवलेल्या जोराने नट आवळणारा. खुंटीवर लटकलेला आपला पितळी बिल्लाही त्यांनी घेतला नाही. हत्यार नेताना बिल्ला ठेवायचा, हत्यार परत केलं की बिल्ला घ्यायचा, हा या खोलीचा एकमेव धर्म, पण साहेबलोकांना धर्म थोडा सैल असतो. अडीच वाजले होते. चहाचा कप बाजूला सरकवून त्याने पाना उचलला, सवयीने मुठीला हात घातला आणि हात तिथेच थांबला. पाना उतरवलेला नव्हता. काम झालं की मूठ उलटी फिरवून आकडा तळाला आणायचा, म्हणजे आतली स्प्रिंग मोकळी होते आणि पाना पुढच्या वेळी खोटं बोलत नाही, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. साहेब ते विसरले होते. पान्यावर नट आवळतानाचा आकडा जसाच्या तसा होता, एकशे वीस. त्याने पाना उजेडात धरला. आकडा न्यूटन-मीटरच्या बाजूला बरोब्बर रेघेवर होता. पाना उलटा केला. दुसऱ्या बाजूला, फूट-पाउंडाच्या पट्टीवर, तोच जोर अठ्ठ्याऐंशी आणि वर थोडं. मग त्याने कामाची चिठ्ठी काढली, जी त्याने स्वतःच सकाळी फाइलला लावली होती. भाड्याने आणलेलं जुनं विमान, डावं चाक, आसाचा नट. त्या विमानाचं पुस्तक फूट-पाउंडात आहे. त्या नटाला एकशे वीस फूट-पाउंड लागतात हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. नट पाऊणच आवळला गेला होता. त्याने आधी काचेतून विमानाकडे पाहिलं आणि मग, लाज वाटावी इतक्या लगेच, त्याच्या आत काहीतरी गोड पसरलं.

हँगरमध्ये त्याला सगळे कुलूप म्हणतात. टूलरूमच्या दाराला कुलूप, खिडकीला कुलूप, आणि आत बसलेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप, असा तो साधा विनोद होता आणि तो करणारे निम्मे निवृत्तही झाले. सतरा वर्षांपूर्वी तो कुलूप नव्हता, इंजिनियर होता. त्याच्या सहीवर विमानं उडत. साहेबही तेव्हा साहेब नव्हते, त्याचा जोडीदार होता, एकाच पाळीतला, एकाच डब्यातलं खाणारा, अरे-तुरेतला, आणि बायकोचा सख्खा भाऊ म्हणून मेहुणाही. त्या दिवसाची घडी त्याने इतक्या वेळा उलगडून पुन्हा घातली आहे की तो घड्यांवरच फाटायला आला आहे. सकाळपासून दोघांनी दोन नव्या विमानांची चाकं केली होती, दोन्ही न्यूटन-मीटरची. तिसरं विमान जुनं, भाड्याचं, आज बाहेर उभं आहे त्याच जातीचं. जोडीदार पुस्तक घेऊन शिडीपाशी उभा, हा चाकाखाली उकिडवा. जोडीदाराने वाचलं, "एकशे वीस." नुसतं एकशे वीस. कशाचे ते नाही. याने एकशे वीस लावले, हाताला लागलेल्या बाजूने लावले, पान्याने टक् आवाज दिला आणि नट आवळला गेला. मग याने पाना नीट उतरवून, पुसून, फळीवर परत केला, कारण हा नीटनेटका होता. त्या नीटनेटकेपणाने त्याचा घात केला. तीन दिवसांनी धावपट्टीवर धावताना चाक निघालं. विमान कसंबसं थांबलं, आतल्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण चाक थांबलं नाही. ते एकटंच पुढे गेलं, कुंपणावरून उडालं आणि पलीकडच्या रस्त्यावर स्कूटर पुसत असलेल्या एका न्हाव्याचा डावा पाय गुडघ्याखालून घेऊन गेलं. चौकशीत तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती. पाना कितीवर लावला होता? एकशे वीस. कुठल्या बाजूने? आणि तिथे त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं, कारण पाना तळाला उतरलेला, स्वच्छ पुसलेला, कपाटात झोपलेला होता. मग जोडीदाराला विचारलं. जोडीदार म्हणाला, "मी एकशे वीस फूट-पाउंड असं स्पष्ट सांगितलं होतं." म्हणाला आणि याच्याकडे बघितलं नाही. सगळं खापर याच्या डोक्यावर फुटलं. याचं लायसन गेलं, जोडीदाराची बढती एक वर्षाने आली. घरी बायको जेवायला वाढता वाढता म्हणाली, "दादा कशाला खोटं बोलेल? तुमचंच लक्ष नसेल." ते वाक्य अजून त्याच्या ताटात आहे.

गंमत अशी, की सगळ्या जगाने मिळून आकाशात उडायचं ठरवलं, पण मोजायचं कसं ते ठरवलं नाही. उंची बहुतेक ठिकाणी फुटांत सांगतात, काही मुलखांत मीटरमध्ये. वारा नॉटमध्ये, धावपट्टी कुठे मीटर तर कुठे फूट. हवेचा दाब एकीकडे पाऱ्याच्या इंचात, दुसरीकडे हेक्टोपास्कलमध्ये. इंधन पंपवाला लिटरमध्ये देतो, वैमानिक किलोत मागतो, जुन्या विमानाचा काटा पाउंडात दाखवतो, आणि मधला कोणीतरी बिचारा दर वेळी पंजाच्या पाठीवर गुणाकार करतो. टूलरूममध्ये बसून बसून त्याने या सगळ्याचा जाड वही भरून अभ्यास केला होता. कुठे कोणी आकडा सांगितला आणि माप सांगायचं राहिलं, त्याने काय झालं, याची कात्रणं तो त्या वहीत चिकटवायचा. बायकोला वाटे, नवऱ्याला छंद लागला. छंद कसला, तो डूख धरून बसला होता. प्रत्येक कात्रणात तो एकच गोष्ट शोधत होता, की आकडा सांगणाऱ्याचं काय झालं. बहुतेक वेळा काही झालेलं नसे. सापडत तो नेहमी पाना धरणारा.

आणि आता पाना त्याच्या मांडीवर होता. मूठ उलटी फिरवायला चार सेकंद लागतात. न फिरवायला काहीच लागत नाही. त्याने रजिस्टर ओढलं आणि आयुष्यात कधी काढलं नसेल इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं: पाना क्रमांक सात, वेळ दोन-तीस, परत आला तेव्हा एकशे वीस न्यूटन-मीटरवर, न उतरवलेला. खाली सही. शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला. मग मागे टेकून तो ते वाक्य परत परत वाचत राहिला. शनिवारी साहेबांचा निरोप समारंभ. बायकोने राखाडी शर्ट इस्त्री करून ठेवला होता आणि बजावलं होतं, दादाच्या दिवशी तोंड पाडून बसू नका. शेवटच्या आठवड्यात साहेबांना उमाळा आला होता, एक चाक स्वतःच्या हाताने करतो म्हणाले, आणि दुसरी सही करणाऱ्या पोरीने साहेबांचा हात म्हणून आकडा न बघता सही ठोकली असणार. आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात कोण धरणार होतं? विमान चार-वीसला जाईल. आज नाही, उद्या नाही, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठेतरी चाक सैल होईल आणि मग तीन माणसं टेबलापलीकडे बसतील, आणि या वेळी पाना तोंड उघडेल. हार सुकलेला नसेल तोवर साहेबांना बोलावणं येईल. त्याला साहेबांचा चेहरा दिसला. बायकोचाही दिसला. त्याला सुखाने इतकं भरून आलं की त्याने गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

पण चाक सैल झालं की ते कुठेतरी जाणार, आणि त्याच्या डोळ्यांसमोर चाक नेहमी एकाच ठिकाणी जात असे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो त्या न्हाव्याकडे केस कापायला जायचा. सतरा वर्षं. घराजवळ दोन दुकानं होती, तरी दोन बस बदलून जायचा. का जातो हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं आणि न्हाव्याला त्याचं नावगाव काही ठाऊक नव्हतं. लांबून येणारं, कमी बोलणारं गिऱ्हाईक, एवढीच ओळख. न्हावी उंच फिरत्या स्टुलावर बसून, खोटा पाय पुढे पसरून केस कापायचा आणि गिऱ्हाईक नवं असो की जुनं, चाकाची गोष्ट सांगायचा. "स्कूटर पुसत होतो. बघतो तर चाक. एकटंच! विमान नाही, काही नाही, नुसतं चाक येतंय. मला वाटलं, अरे, याचं बाकीचं कुठे राहिलं?" लोक हसायचे. तोही हसायचा. मग मानेवर वस्तरा लावता लावता शेवटचं वाक्य यायचं, कधी चुकायचं नाही. "ज्याने तो नट आवळला ना, तो एकदा या खुर्चीत बसावा. बस, एकदाच." आणि तो त्या खुर्चीतच बसलेला असे, वस्तऱ्याखाली, डोळे मिटून, मनात म्हणत, आवळणाऱ्याचं काय घेऊन बसलास, सांगणाऱ्याला विचार. तो दर वेळी मनात म्हणे, सांगणाऱ्याला विचार.

साडेतीन झाले. काचेतून दिसलं, इंधनाची गाडी भाड्याच्या विमानापासून सुटून निघाली होती. आत चौऱ्याहत्तर माणसं बसणार होती आणि बाहेर कुठेतरी कोणीतरी स्कूटर पुसत असणार होतं. त्याने फोन उचलला. त्याच्या चांगुलपणाचं कौतुक करायची काही गरज नाही, कारण त्या क्षणी त्याच्या मनात माणसं जेवढी होती तेवढाच साहेबांचा चेहराही होता, आणि तो चेहरा त्याला आज, इथे, या खिडकीत हवा होता.

"टूलरूम बोलतोय. सात नंबरचा टॉर्क पाना मिळत नाही."

हत्यार हरवलं की ते सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही, कारण विसरलेला पाना इंजिनात असू शकतो. मोठ्यातल्या मोठ्या साहेबालाही तो नियम मोडता येत नाही.

"कुठल्या विमानावर होता?"

"भाड्याच्या."

"अहो, त्याचे प्रवासी आता चढायचेत!"

"चढतील की. पाना मिळाला की चढतील."

सहा मिनिटांत साहेब धापा टाकत खिडकीशी आले. "काय चाललंय? मी पाना परत केलाय. इथे, या फळीवर ठेवला."

"बिल्ला तर अजून खुंटीवर आहे, साहेब."

"फोन आला म्हणून घ्यायचा राहिला. ठेवला म्हणतोय ना मी!"

"ठेवला असेल. मला नाही आठवत."

"जाताना हात वर करून सांगितलं मी तुला!"

"कोणी पाहिलं का तसं? कोणी होतं का इथे तिसरं?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. आपण खरं बोलतोय आणि ते सिद्ध करायला आपल्याकडे काडीचाही पुरावा नाही, हे माणसाला कळतं तेव्हा त्याचे हात आधी हलायला लागतात, मग थांबतात. त्याने सतरा वर्षांपूर्वी स्वतःचे हात असेच बघितले होते. आता दुसऱ्याचे बघताना त्याला घाई नव्हती. तो एकेक बोट बघत होता.

"बरं, ते जाऊ दे," तो म्हणाला. "नट कितीवर आवळलात?"

"एकशे वीस. त्याला एकशे वीसच लागतं, तुला माहीत नाही का?"

"एकशे वीस काय?"

"एकशे वीस..." साहेब म्हणाले आणि पुढचा शब्द आला नाही. त्याने खाली वाकून पाना उचलला आणि न्यूटन-मीटरची बाजू वर करून फळीवर ठेवला. साहेबांनी वाकून आकड्याची रेघ बघितली. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हँगरच्या दारातून त्यांनी एकदा विमानाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि फार हळू आवाजात म्हणाले, "उतरव तो. मी जाऊन नीट आवळतो. कुणाला कळायचं कारण नाही."

"रजिस्टरात लिहून झालंय. पेनाने."

"तीन दिवस उरलेत रे माझे."

"तू त्या दिवशी मला काय म्हणाला होतास?" सतरा वर्षांनी तो अरे-तुरेवर आला होता आणि ते दोघांनाही कळलं. "शिडीपाशी उभं राहून. शब्दाला शब्द सांग."

हँगरमध्ये कुठेतरी हातोडा पडला. साहेब फळीकडे बघत म्हणाले, "एकशे वीस."

"कशाचे?"

"नुसतं एकशे वीस."

मग दोघं विमानाकडे गेले. त्याने पुस्तक उघडून मोठ्याने वाचलं, एकशे वीस फूट-पाउंड, आणि साहेबांना उकिडवं बसून ते परत म्हणायला लावलं, एकदा नाही, तीनदा, लोकांसमोर. पाना टक् म्हणाला तोवर नट आणखी दोन बोटं फिरला होता. विमान पंचेचाळीस मिनिटं उशिरा गेलं. परत येताना तो साहेबांना म्हणाला, "शेऱ्याचा रकाना मोकळा आहे. 'साहेबांनी स्वतः परत येऊन चूक दुरुस्त केली' असं मी लिहू शकतो. नाहीतर जे झालं ते लिहीन. शनिवारी हार घाल गळ्यात. रविवारी माझ्याबरोबर केस कापायला यायचं."

"केस?"

"हो. आणि तिथे जे आत्ता मला म्हणालास ते त्याला सांगायचं."

शनिवारी राखाडी शर्ट घालून त्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. बायकोने चमकून पाहिलं. रविवारची बस त्याला कधी नव्हे इतकी जलद वाटली. शेजारी साहेब खिडकीबाहेर बघत बसले होते, आणि तो मनातल्या मनात ते दृश्य लावून बघत होता, न्हाव्याचा हात थांबेल, वस्तरा थांबेल, न्हावी वळून बाकाकडे बघेल आणि म्हणेल, म्हणजे आवळणाऱ्याचा दोष नाहीच? त्यापुढे काय व्हायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. एवढं झालं की पुरे होतं.

दुकानात गर्दी नव्हती. साहेब खुर्चीत बसले, हा मागच्या बाकावर, जिथून आरशात दोघांचे चेहरे दिसतात. पांढरं कापड मानेभोवती बांधलं गेलं. गालाला फेस लागला. "नवीन दिसता," न्हावी म्हणाला आणि गोष्ट सुरू झाली. स्कूटर, फडकं, एकटंच येणारं चाक, बाकीचं कुठे राहिलं. कोणी हसलं नाही. वस्तरा मानेशी आला. "ज्याने तो नट आवळला ना..."

"तिथे मी होतो," साहेब म्हणाले. "आकडा मी सांगितला होता. माप सांगितलं नव्हतं. नुसता आकडा सांगितला, आणि नंतर खोटं बोललो."

वस्तरा थांबला. बाकावर बसलेल्या त्याच्या छातीत सतरा वर्षांची गाठ सुटायला आली. आता. आता वळेल. न्हावी वळला नाही. त्याने वस्तरा पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला आणि आरशातल्या साहेबांना विचारलं, "आणि आवळला कोणी?"

साहेब नुसतं बोट दाखवू शकले असते. त्यांनी आरशात त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्यांना गप्प राहिलेलं पाहिलं, आणि नेमकं तेव्हाच, जे कधी आठवत नाही असं तो सगळ्यांना आणि स्वतःला सांगत आला होता, ते आठवलं. चाकाखाली उकिडवा बसलेला तो, वरून आलेला आकडा, आणि ओठांवर आलेला एक शब्द. कशाचे? तो शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. पाठ दुखत होती. चहाची वेळ झाली होती. वर मान करून विचारायला एक श्वास पुरला असता. त्याने तो श्वास घेतला नाही, पाना लावला.

"मी," तो बाकावरून म्हणाला.

न्हाव्याने स्टूल फिरवलं. सतरा वर्षांत मान, कान, कपाळ सगळं पाठ असलेल्या त्या गिऱ्हाइकाकडे तो बघत राहिला, रागाने नाही, मोजून घेतल्यासारखं. मग त्याने अर्धा फेस तसाच असलेल्या साहेबांच्या मानेवरचं कापड सोडलं आणि झटकलं.

"उठा तुम्ही," तो साहेबांना म्हणाला. "यांना बसू दे."

तो खुर्चीत बसला. कापड त्याच्या मानेभोवती आलं, गाठ नेहमीपेक्षा घट्ट नव्हती. केस पंधरा दिवसांपूर्वीच कापलेले होते, कापायला फारसं काही नव्हतं. तरी न्हाव्याने कात्री उचलली आणि शांतपणे, एकेक बट धरून, कापायला सुरुवात केली. चाकाची गोष्ट मात्र त्या दिवशी त्याने त्याला सांगितली नाही.